एका मुलीसाठी सात टेबलं

सोळा एप्रिल. सकाळची शाळा. त्या दिवशी मला चौथीच्या वर्णनात्मक नोंदी संपवून प्रगतिपुस्तकं बांधून ठेवायची होती. ते काम झालं नाही, कारण आमच्या मुख्याध्यापकांनी, म्हणजे पाष्टे गुरुजींनी, शाळेतली होती नव्हती तेवढी टेबलं व्हरांड्यात काढली आणि शेवटी माझंही टेबल माझ्या कोपराखालून ओढून नेलं.

या गुरुजींची ओळख करून द्यायची तर तोंडी परीक्षेपासून सुरुवात करावी लागेल. ते तोंडी परीक्षा मुलाकडे पाठ करून घेतात. खुर्ची खिडकीकडे फिरवायची, बाहेरच्या फणसाकडे बघत बसायचं आणि पाठीमागे उभ्या असलेल्या पोराला प्रश्न विचारायचे. मी बदली होऊन या शाळेत आले आणि पहिल्यांदा हे बघितलं, तेव्हा मला वाटलं दोघांचं काहीतरी बिनसलंय. विचारलं तर म्हणाले, "बाई, पोराचं तोंड दिसलं की माझा हात सैल सुटतो. फणसाचं तसं नाही."

मुलांनी याचा घ्यायचा तेवढा फायदा घेतला आहे. गेल्या वर्षी एकाने साताचा पाढा कैरी खात खात म्हटला. गुरुजी मागे न वळता म्हणाले, "सात सक बेचाळीस बरोबर. कैरी आंबट आहे, त्याचीही नोंद घेतली."

"नोंद घेतली" हे त्यांचं ठरलेलं. कौल फुटून वर्गात पाणी आलं, नोंद घेतली. मुतारीत साप निघाला, नोंद घेतली. त्यांची बायको गेली तेव्हा मी भेटायला गेले होते. असल्या वेळी काय बोलावं हे मला कधीच सुचत नाही. वेळेवर जेवत जा, असं काहीतरी म्हटलं. तर म्हणाले, "नोंद घेतली, बाई." मुलगा पुण्याला नेतो म्हणत होता, पण हे गेले नाहीत. शाळेच्या खालच्या अंगाला एक खोली घेऊन राहतात.

त्यांच्या खऱ्या नोंदी प्रगतिपुस्तकात असतात. आम्हाला वरून वाक्यांची यादी येते. 'स्वतःची मते ठामपणे मांडतो', 'उपक्रमात आनंदाने सहभागी होतो', अशी. त्यातलं एक उचलायचं आणि लिहायचं. मी तसंच करते, त्यात मला कमीपणा वाटत नाही. गुरुजी मात्र लिहितात : 'भाषण करताना पाय हलवते. पाय धरल्यास भाषण थांबते, म्हणून धरू नये.' किंवा : 'सगळ्या गायी हसऱ्या काढतो. घरची गाय पाहिली, खरेच तशी आहे.' केंद्रप्रमुख एकदा वैतागून म्हणाले, "गुरुजी, छापील वाक्यं दिलीत ना तुम्हाला?" गुरुजी म्हणाले, "साहेब, ती वाक्यं चांगलीच आहेत. पण वाचून पोर कुठलं ते कळत नाही."

आमची शाळा दोन शिक्षकी आणि पट पाचाचा. रत्नागिरीहून एस्टी आणि पुढे जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची पाखाडी चढून यायचं. वाडीतल्या निम्म्या घरांना कुलपं आहेत. घरचे लोक मुंबईला, पोरंबाळं घेऊन गणपतीपुरते येतात. पण उपक्रमांचं परिपत्रक आलं की गुरुजी पाचशे मुलांची शाळा असल्यासारखे कामाला लागतात. क्रीडास्पर्धेत प्रत्येक शर्यतीला पहिला, दुसरा, तिसरा आणि दोन उत्तेजनार्थ, म्हणजे कुणी राहत नाही. आनंद बाजारात पाचही मुलं दुकानदार झाली आणि गिऱ्हाईक कुणी उरलंच नाही, तेव्हा सगळा माल आम्ही दोघांनी घेतला. घरी नेलेली चणे-कुरमुऱ्यांची भेळ बघून आमचे हे म्हणाले, "पगार आता असा देतात काय?" प्रभातफेरी दोघादोघांच्या रांगेत निघते. पाच मुलांची अशी रांग होत नाही, म्हणून सहावी मी चालते, फलक धरून. या वयात शोभत नाही, पण रांग पुरी होते.

तर सोळा तारखेला होता शाळापूर्व तयारी मेळावा. जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांची चाचणी घ्यायची. सात टेबलं मांडायची. एकावर नावनोंदणी, मग उड्या आणि चेंडू, मग रंग आणि आकार, घरचं आणि मित्रमैत्रिणींचं बोलणं, चित्रावरून गोष्ट सांगणं, मोजणं, आणि शेवटचं टेबल पालकांना मार्गदर्शनाचं. एकेका टेबलावर मूल फिरतं आणि त्याला काय येतं ते कार्डावर उतरवायचं.

आमच्या वाडीत पहिलीच्या वयाचं मूल एकच होतं. आरोही नावाची मुलगी. बाप मुंबईला कंपनीत, आई इथे सासू-सासऱ्यांजवळ. आणि यंदा त्या एका मुलीवरच सगळं अडलं होतं. पाचातली तीन मुलं चौथी होऊन जाणार. उरणार दोन. पहिलीत एक तरी नाव आलं तर शाळा आणखी चालू ठेवू, नाही तर केंद्रशाळेला जोडून टाकू, असं केंद्रप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं होतं. मला कुठेही पाठवलं असतं तरी फारसा फरक पडणार नव्हता. रत्नागिरीच्या जवळची शाळा मिळाली तर सोयीचीच. गुरुजींची नोकरी थोडीच राहिली होती आणि ती त्यांना इथेच संपवायची होती. तसं ते कधी बोलले नाहीत. पण दाराला आंब्याच्या डहाळ्या बांधायला स्वतः शिडीवर चढले, तेव्हा बोलायचं काही राहिलं नाही.

आरोही आली ती आई आणि आजीच्या मधून. नवा फ्रॉक, केसांना खोबरेल, कपाळाला टिकली. मी पहिल्या टेबलावर होते.

"नाव काय तुझं?"

"आरोही. तुमी कशा हायसा? बसा की, उभ्या कशाला?"

आमची पोरं फिदीफिदी हसली. दुसऱ्या टेबलावर चौथीची मुलगी होती. तिने आखलेल्या रेघेवरून उडी मारायला सांगितलं, तर ही म्हणाली, "नको गो बाय. आता काय उड्या मारायचं वय हाय?" चेंडू फेकायला दिला तर चार पावलं चालत गेली आणि चेंडू समोरच्या मुलाच्या हातात नेऊन ठेवला. "फेकायचा कशाला? हातात देतंय की."

आजी पदर तोंडाला लावून हसत होती. "सकाळपासनं आमच्याच पायांत असते ना, गुरुजी. आमचंच बोलनं उचलते."

रंग सगळे आले. आकार आले. मैत्रिणींच्या टेबलावर मीच गेले, कारण ते काम आमच्या पोरांना झेपत नव्हतं.

"तुझी मैत्रीण कोण?"

"शेवंतीकाकी." शेवंतीकाकी सत्तरीच्या आहेत. "पन ती बी चालली आता. डोळ्याचं आपरेशन करायला, लेकाकडं. मग काय, मी नि आजी."

मीही हसले. खोटं कशाला सांगू?

पुढचं टेबल चित्रवर्णनाचं, ते गुरुजींनी स्वतःकडे ठेवलं होतं. खुर्ची अर्थातच फणसाकडे. टेबलावर बागेचं मोठं चित्र होतं. झोपाळे, घसरगुंडी, दहाबारा मुलं.

"आरोही, चित्रात काय दिसतं?" गुरुजींनी झाडाला विचारलं.

"पोरं."

"काय करतायत?"

तिने चित्र नीट बघितलं. एका मुलावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. "गनपतीला आली असतील," ती म्हणाली. "जातील आता."

गुरुजी खुर्चीसकट वळले. मी या शाळेत आल्यापासून परीक्षेत त्यांना वळताना बघितलं नव्हतं. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती आपली टिकली चाचपत उभी होती. कार्डावर काय लिहायचं ते त्यांनी लिहिलं नाही. 'नोंद घेतली'ही म्हणाले नाहीत.

मोजायला वाल आणि चवळी दिली होती, ती तिने झटक्यात वेगळी केली. हुशार पोर. सातव्या टेबलाशी आई बसली. प्रवेशाचा कागद मी आधीच भरून ठेवला होता, फक्त सही हवी होती. आईने पेन उचललं सुद्धा.

"सुनबाई, थांब जरा," गुरुजी म्हणाले. "हिला इथे घालू नकोस. केंद्रशाळेत घाल."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आईलाही तसंच वाटलं असावं.

"गुरुजी, शाळा दाराशी हाय म्हनून तर इथं घालतेय. तिकडं रिक्षानं जायला लागंल."

"सात-आठ पोरं जातात त्या रिक्षातून. त्यांच्यात बसेल."

आजीला राग आला. "आवो, तुमाला आमची पोर नको झाली काय? हिच्या बापाला तुमीच शिकवलंत ना?"

"शिकवलं. पण त्याच्या वेळी वर्गात एवढी पोरं होती, की मला खिडकीत बसायला लागायचं. मी त्याला काय शिकवलं? निम्मं त्यालाच पोरांनी शिकवलं." गुरुजींनी आईच्या हातातून पेन घेतलं आणि टोपण लावलं. "लिहायला-वाचायला मी हिला शिकवीन गो. पण भांडायला कसा शिकवू? दोन पोरं आहेत बरोबर, तीही मोठी. पुढच्या वर्षी तीही जाणार. मग वर्गात ही आणि मी."

मी त्यांना बाजूला बोलावलं. पाण्याच्या टाकीशी नेलं आणि सरळ विचारलं, "गुरुजी, तुम्हाला कळतंय ना, काय करताय ते? कागद भरलेला आहे. तिची आई सही करत होती. तुम्ही नको म्हणालात, शाळा गेली."

"कळतंय."

"मग?"

ते नळ घट्ट करत राहिले. तो नळ कधीच पुरता बंद होत नाही.

"बाई, तुम्ही एक वाजताच्या गाडीने जाता. संध्याकाळी ती पोर माझ्या दाराशी येऊन बसते. रोज. माझ्याशी गप्पा मारते. आज उकाडा किती आहे, चहात साखर जास्त झाली काय, पुण्याहून फोन आला काय. मला बरं वाटतं." नळ अजून गळतच होता. "मी साठीला आलो. मला बरं वाटणारच. पण तिला माझ्याशी बोलून बरं वाटतं, हे काही बरं नाही."

मी नळाखाली बादली सरकवली.

परत आलो तर आई सहीच्या कागदाकडे बघत बसली होती. शेवटी म्हणाली, "मी तिकडं कुनाला वळखत नाय, गुरुजी."

"उद्या त्यांचाही मेळावा आहे. बाई येतील तुझ्याबरोबर," गुरुजींनी मला न विचारता सांगून टाकलं. मी येते म्हटलं.

पोरांनी टेबलं आत नेली. मेळाव्याचा अहवाल त्याच दिवशी पाठवायचा असतो. दाखलपात्र मुलं : एक. प्रवेश : निरंक. गुरुजींनी पेन हातात घेतलं, मग माझ्याकडे सरकवलं. मीच लिहिलं. सहीपुरता त्यांनी हात लावला आणि शिडी घेऊन दारावरच्या डहाळ्या काढायला गेले. मी म्हटलं, राहू देत, वाळतील आपोआप. तर म्हणाले, "नको. वाळलेलं तोरण बघायला लागतं मग रोज." एक वाजताची गाडी मी चुकवली नाही. आरोहीचं घर वाटेवरच आहे. उंबऱ्यावर बसून ती कुणाशी तरी उकाड्याबद्दल बोलत होती. कुणाशी ते मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रशाळेच्या थांब्यावर उतरले. आरोही आणि तिची आई रिक्षाने येऊन उभ्या होत्या. आत पोरांचा नुसता कालवा. फुगे, ढोल, रडारड. आरोहीने माझ्या साडीचा घोळ निऱ्यांपाशी असा काही मुठीत धरला की मला चालता येईना. नोंदणीच्या रांगेत तिला फुगा मिळाला. तो तिने पुढच्या मुलीला दाखवला आणि म्हणाली, "बस बाय, दमली असशील." ती मुलगी हिच्याकडे बघतच राहिली. मग तिने फुगा हिसकावला आणि पळाली.

आरोही क्षणभर तशीच उभी. मग माझी साडी सोडली आणि तिच्यामागे धावत सुटली. ओरडत, "ए! माजा हाय तो! दे, नायतर बघ!"

मी गुरुजींना फोन लावला. तिकडे परिपाठाची वेळ झाली होती.

"आरोही रडतेय," मी म्हटलं.

"का? काय झालं?"

"एका पोरीने फुगा पळवला."

"मग हिने काय केलं?"

"तिची वेणी धरलीय. सोडत नाही."

मागे आमच्या पाच पोरांची प्रार्थना ऐकू येत होती. मग गुरुजी म्हणाले, "बाई, तुम्ही सावकाश या. तुमचा वर्ग मी बघतो."

मी फोन पिशवीत टाकला, दोघींना सोडवलं, दोघींची नाकं एकाच रुमालाने पुसली आणि त्यांना रांगेत एकीच्या मागे एक उभं केलं.