वीबेचा केक

वीबेची नोकरी आहे की गेली, हे स्नेक गावातल्या बिस्किटांच्या कारखान्यात कोणीच सांगेना. वीस वर्षं मैदा मळता मळता छातीत दमा भरला होता. डॉक्टरांनी हा मैद्याच्या धुळीचाच प्रसाद असल्याचं लिहून दिलं, तर कारखान्याने मोठ्या काळजीने विचारलं, "घरी मांजर पाळलंय का?" मांजर नव्हतं, हा वीबेचाच दोष ठरला.

काही महिने आजारपणाच्या रजेवर घरी राहून आता तो बरा झाला होता. मैद्यापासून लांब, पॅकिंगला बसायला डॉक्टरांची हरकत नव्हती. पण फोन केला की कर्मचारी विभागाची मार्लूस गोड आवाजात म्हणायची, "बघतो आम्ही." ते नेमकं काय बघत होते, देव जाणे. इकडे घराचे हप्ते डोक्यावर होते आणि वीबेची झोप उडाली होती.

"फोन पुरे झाले," त्याची बायको चित्स्के म्हणाली. "शुक्रवारी सरळ जा. जाताना केक ने. बरा होऊन आलेला माणूस केक आणतोच. आणि तोंडात केक असताना नाही म्हणायची कोणाची हिंमत होते बघू."

शुक्रवारी वीबे सायकलला गुलाबी साखरेचा भलामोठा केक बांधून निघाला. फाटकावर त्याचं कार्ड चालेना. स्वागताला बसणाऱ्या आन्सने त्याच्या छातीवर 'पाहुणा' असा बिल्ला लावला, खोक्यात डोकावून पाहिलं आणि तिचे डोळे भरले. "शेवटी ठरवलंस तर," ती म्हणाली.

"ठरवायलाच हवं होतं. किती दिवस असं अधांतरी राहायचं?"

आन्सने लगेच वर फोन लावला. इतके महिने फोनवर नुसतं 'बघतो' म्हणणारी मार्लूस धावत जिना उतरून आली. तिथल्या रीतीप्रमाणे तिने वीबेच्या गालांचे तीन मुके घेतले. "किती समजूतदार आहेस रे," ती म्हणाली. कारखान्याला आपली एवढी आठवण येत असेल, असं वीबेला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याला भरून आलं.

मग सगळे कामगार जमले, केक कापला गेला आणि फुलांचा गुच्छ आला. वीबेच्या जोडीने काम करणारा गेर्बेन हळूच जवळ सरकला. "वीबे, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझी सायकलची छपराखालची जागा मी घेतली तर चालेल का?"

तेव्हा वीबेच्या डोक्यात प्रकाश पडला. कारखाना सोडून जाणाराही केक आणतोच की! संतापाने त्याचे कान तापले. तो बोलणार, तोच मालक फान ड्रिल हातात बशी घेऊन भाषणाला उभे राहिले.

"असा माणूस स्वखुशीने जातो," केकचा घास गिळून ते म्हणाले, "तेव्हा काळीज तुटतं. माझं ऐकत असेल तर सोमवारीच त्याला पॅकिंगला बसवीन. पण ऐकेल तर ना!"

टाळ्या पडल्या. मार्लूसने डोळे टिपले.

"ऐकतो की," वीबे म्हणाला.

"काय?"

"तुमचं ऐकतो. सोमवारी येतो पॅकिंगला. केक परत आल्याचाच होता. जाताना एवढा महागाचा आणायला मी काय वेडा आहे?"

सगळा कारखाना मालकांकडे बघत राहिला. मालकांनी मार्लूसकडे पाहिलं, मार्लूस फुलांकडे बघत होती. बशीतला दुसरा तुकडाही अर्धा संपला होता. "ये मग," मालक कसेबसे म्हणाले.

वीबे फुलं घेऊनच घरी गेला. पण शनिवार-रविवार त्याच्या जिवाला घोर होता. बोललेलं मालक विसरले तर?

सोमवारी कार्ड पुन्हा चाललं नाही. आन्सने खणातून पाहुण्याचा बिल्ला काढला. म्हणजे मालक विसरलेच, असं वीबेने धरलं. बिल्ला लावता लावता तिची नजर त्याच्या रिकाम्या हातांवर गेली.

"केक कुठंय?"

"शुक्रवारी खाल्लास ना?"

"तो निरोपाचा. मार्लूसने तसंच धरलंय. आज परत आलास ना? मग आजचा कुठंय?"

वीबेने सुटकेचा श्वास सोडला. पाहुण्याकडे कोणी केक मागत नाही. त्याने बिल्ला काढून आन्सच्या टेबलावर ठेवला आणि सायकल बेकरीकडे वळवली. या खेपेला केक लहानच आणायचा, हे त्याने वाटेतच ठरवून टाकलं.