वसंतकाकांनी निवडलेला मेंढा

वसंतकाका कुणाला भेटले की हात मिळवत नाहीत, शेवटच्या बरगडीमागे पाठीवर दोन बोटं दाबून बघतात. मी पुण्याहून नल्लकुंट्यात त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा माझी पाठ दाबून म्हणाले, "हाडं लागतात हो. जेवण जात नाही का?" एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाचीही पाठ तपासली आणि "कमर भरीव आहे" असं सगळ्यांदेखत सांगितलं. मुलीकडची मंडळी उगीचच खूश झाली.

त्यांची सगळी नोकरी पैदाशीचे मेंढे पारखण्यात गेली. मेंढ्याची पाठ रुंद, मांडी भरलेली असली की त्याची कोकरं लवकर वाढतात, मटणही चांगलं धरतात, हे ते कुणी न विचारताही सांगतात.

काकू गेल्यापासून काका एकटेच. दर रविवारी शहराबाहेर मल्लेश नावाच्या मेंढपाळाकडे जातात. त्याच्या गावठी मेंढ्यांसाठी दुसऱ्या जातीचा मेंढा निवडायचा मान त्यांचा. गेल्या वर्षी तीन मेंढ्यांतून एक निवडला. त्याची कोकरं तीन महिन्यांची झाली, तेव्हा वजनं बघायला मला बरोबर चला म्हणाले. बसमध्ये पुटपुटले, "कमी भरली तर मल्लेश मला कशाला परत बोलावेल?"

कमीच भरली. एकूण एक कोकरू शेजारच्या कळपापेक्षा हलकं. मल्लेशचं वर्ष वाया गेलं होतं. चाऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी मी चाऱ्याला दोष द्यायला लागलो. काकांनी मला थांबवलं. बाकी दोन मेंढ्यांची पाठ जास्त रुंद होती, हे त्यांना निवडतानाच कळलं होतं. पण हा निवडलेला मेंढा बाटलीच्या दुधावर वाढलेला, काका दिसले की धावत येऊन हात चाटायचा.

"घर में मेरी राह देखनेवाला कोई नईं, मल्लेश," काका तिथल्या दख्खनी हिंदीत म्हणाले. "ये देखता था बोलके इसकू लिया."

मला फार वाईट वाटलं. मल्लेशने वजनकाटा आवरून बाजूला ठेवला.

"मेंढा बदलेंगे, सार," तो म्हणाला. "पन हर इतवार कू मेरी अम्मा सड़क पे जाके खड़ी रहती, तुम आए क्या बोलके."

परतताना नल्लकुंट्याला उतरल्यावर काका म्हणाले, "म्हातारीला उन्हात उभं राहणं सोसायचं नाही हो. पुढच्या रविवारी सकाळची पहिली बस धरतो."