बेट सोडून जाण्याचा पुरावा

"आणि बेटावरून बाहेर पडायचं तिकीट, काका?"

विमानतळावरच्या काउंटरमागच्या मुलीने हे इतक्या गोड आवाजात विचारले, की प्रश्न आपल्याला आहे हे चष्मेवाल्यांच्या लक्षातच आले नाही. त्यांनी मागे वळून पाहिले. मागे बायको उभी होती, बायकोच्या मागे थोरली बहीण आणि तिच्या मागे चार बॅगा. बाहेर पडायचे तिकीट त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

"बाहेर कशाला पडायचंय? आम्ही तर आत्ता चाललोय," चष्मेवाले म्हणाले.

"हो, पण तिथून कधी निघणार ते तिकीट दाखवल्याशिवाय ते लोक बेटावर पाऊल ठेवू देत नाहीत. परत पाठवतात. मग तुम्हाला परत आणण्याची जबाबदारी आमच्या कंपनीची. म्हणून आम्हीच इथून बसू देत नाही."

चष्मेवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बत्तीस वर्षे त्यांचे चष्म्याचे दुकान होते. भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची बारीक ओळ लोकांना वाचायला लावणे हा त्यांचा धंदा, आणि ती वाचता आली नाही की 'च्' करणे हा स्वभाव. त्यांची एकुलती एक मुलगी कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर नर्स होती आणि जावई तिथल्याच बंदरात क्रेन दुरुस्त करायचा. मुलीचे पहिले बाळंतपण तीन आठवड्यांवर आले होते. जावयाने प्रवासाचे नियम फोनवर लिहून पाठवले होते: पासपोर्टला पुढचे सहा महिने मुदत हवी, पिवळ्या तापाची लस हवी, बेटाच्या सरकारचा फॉर्म ऑनलाइन भरायला हवा, राहण्याचा पत्ता हवा. चष्मेवाल्यांनी एकेक गोष्ट जमवून प्लॅस्टिकच्या फायलीत लावली होती. रंगीत खुणांसकट.

"परतीचं आम्ही मुद्दामच काढलं नाही," बायको काउंटरवरच्या मुलीला समजावू लागली. ती शाळेत भूगोल शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती आणि कोणालाही काहीही समजावू शके. "बाळंतपण आहे गं. पुढेमागे व्हायचंच. बाळ काय विमानाचं वेळापत्रक बघून येणारे?"

"आणि नियमांत ते नव्हतंच!" चष्मेवाल्यांनी फोन पुढे केला. "हा बघा जावयाचा मेसेज. चार मुद्दे. चारही पूर्ण."

मुलीने मान तिरकी करून पाहिले. "काका, खाली निळ्या अक्षरांत 'आणखी वाचा' असं दिसतंय. ते दाबा ना."

चष्मेवाल्यांनी दाबले. मेसेज वीतभर लांबला. पाचवा मुद्दा होता: 'बेट सोडून जाण्याचं तिकीट. त्याशिवाय घरातून निघूच नका.' पुढे तीन उद्गारचिन्हे.

"छोट्या," थोरल्या बहिणीने हाक मारली. एकोणसाठ वर्षांच्या या गृहस्थाला छोट्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढल्यामुळे तिचा आवाज न ओरडताही तीन रांगांपलीकडे पोचे. "गावाला डोळे वाटतोस आणि तुला स्वतःला एवढं निळं अक्षर दिसेना?"

तीन रांगांपलीकडचे लोक वळून पाहू लागले.

"पन्नास मिनिटं आहेत काउंटर बंद व्हायला," मुलगी घाईने म्हणाली. "फोनवरून काढा. मला नुसतं दाखवलंत तरी चालेल."

चष्मेवाले बॅगेवर बसले आणि तीन माणसांची परतीची तिकिटे शोधून त्यांनी कार्डाचा आकडा भरला. बँकेचे उत्तर आले, 'हा व्यवहार आम्हाला संशयास्पद वाटतो.' त्यांनी बँकेला फोन लावला. तिकडून एक बाई अतिशय प्रेमाने म्हणाली, की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

"ठेव तो," थोरली बहीण म्हणाली. "ती बाई नाहीये. ती टेप आहे. तुझ्यासाठी कोणी बसलेलं नाही तिथे."

चष्मेवाले पुन्हा काउंटरवर गेले. "मोठं तिकीट बँक करू देत नाही हो. आता?"

"मग छोटं काढा," मुलीने वाट दाखवली. "घरापर्यंतचंच पाहिजे असं नाही. बेट सोडून कुठेही जाणारं चालतं. शेजारच्या बेटाचं काढा, वीस मिनिटांचं विमान असतं."

चष्मेवाल्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी यादीतले पहिलेच बेट धरले, पहिलीच दिसली ती तारीख धरली आणि तीन तिकिटे घेऊन टाकली. बँकेला या वेळी काहीही संशयास्पद वाटले नाही.

मुलीने तिकीट पाहिले, संगणकावर काहीतरी टाइप केले आणि तिची मान आडवी हलली. "या बेटाला व्हिसा लागतो, काका. आहे तुमच्याकडे?"

"अहो, पण आम्हाला तिथे जायचंच नाहीये!"

"पण तुम्ही तिथे जाणार असं तर हे तिकीट सांगतंय. व्हिसा नाही म्हणजे जाऊ शकत नाही. जाऊ शकत नाही म्हणजे बेट सोडून जाण्याचा पुरावा नाही."

यात कुठे खोट काढावी ते चष्मेवाल्यांना कळेना. त्यांनी व्हिसा न लागणारे दुसरे बेट शोधले. घाम चष्म्याच्या काचेवर टपटपत होता. तशात त्यांनी तीन नावे भरली आणि काउंटरकडे धावले.

मुलीने वाचले. मग थोरल्या बहिणीकडे पाहिले. मग परत वाचले.

"काका, या आजींच्या नावापुढे तुम्ही 'दोन वर्षांखालील बालक' निवडलंय."

"आजी कोणाला म्हणतेस गं?" थोरली बहीण कडाडली. मग तिला वाक्याचा उरलेला भाग उमजला आणि तिने अंगठा व तर्जनी यांच्यात भावाचा कान पकडला. भर विमानतळावर. "बालक? मी तुझं नाक पुसून तुला शाळेत पोचवलंय, मेल्या!"

"यांना वेगळी सीट नाही मिळालेली," मुलगी ओठ चावत म्हणाली. "यांना मोठ्या माणसाच्या मांडीवर बसावं लागेल."

चष्मेवाल्यांनी बहिणीचा देह नजरेने मापला आणि ते मटकन खाली बसले. अठ्ठावीस मिनिटे उरली होती. तिकडे लेक वाट बघत असेल, आणि आपण तिच्या बाळंतपणाला जाऊ शकत नाही ते का, तर एक निळे अक्षर दाबले नाही म्हणून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"द्या इकडे तो फोन," बायको म्हणाली.

इतका वेळ ती डोळे मिटून नकाशा आठवत होती. तीस वर्षे तिने फळ्यावर ही बेटे काढली होती. धनुष्यासारखी वाकलेली रांग, वरून खाली. स्वतः तिने समुद्र एकदाच पाहिला होता आणि तोही बसच्या खिडकीतून. "आपलं बेट हे इथे," ती हवेत बोट फिरवू लागली. "याच्या खाली एक. व्हिसा लागतो का गं त्याला?"

"नाही, काकू. पण तिथेही पुढचं तिकीट मागतात."

"म्हणजे तिथून निघायचाही पुरावा?" चष्मेवाले किंचाळले.

"तुम्ही जरा बाजूला बसा," बायकोने त्यांना गप्प केले. "मग तिथून हे तिसरं घ्यायचं. इथे काय मागतात?"

"इथेही पुढचं तिकीट, काकू."

"आणि तिसऱ्याहून परत आपल्या पहिल्या बेटावर. झालं वर्तुळ पूर्ण! आता कोणाकडे अडकणार?" बायकोने तिघांची तीन-तीन तिकिटे सपासप काढली, थोरल्या बहिणीला सज्ञान करून. पहिल्या बेटावर पाच दिवस, मग पाच दिवसांची फेरी. चष्मेवाले तिच्याकडे आ वासून पाहत राहिले. संसाराच्या इतक्या वर्षांत तिने एकटीने साधे बसचे तिकीटही काढले नव्हते.

काउंटरवरची मुलगी मात्र घुटमळली. "काकू, दुसऱ्यांदा पहिल्या बेटावर उतराल तेव्हा परत बाहेर पडायचं तिकीट लागेल की."

यावर तिघेही एकदम ओरडले. काय ओरडले ते एकमेकांत मिसळल्यामुळे कळले नाही, पण आतून टाय सरळ करत मुलीचे साहेब बाहेर आले. त्यांनी सगळी कहाणी ऐकली, बोटाने हवेतले वर्तुळ फिरवून पाहिले, आणि कपाळ चोळले. "आपल्याला पहिल्यांदाचं बघायचंय," ते मुलीला म्हणाले. "दुसऱ्यांदाचं तिकडचे बघतील. बसव यांना. लवकर बसव."

खरा धक्का बसला तो बेटावर उतरल्यावर. तिथल्या अधिकाऱ्याने फाइल उघडलीसुद्धा नाही. रंगीत खुणा वाया गेल्या. त्याने फक्त तिकिटे पाहिली, शिक्का मारला आणि पासपोर्ट परत दिला. चष्मेवाल्यांनी चष्मा वर करून शिक्क्यातली सगळ्यात बारीक ओळ वाचली आणि त्यांना घेरी आली. मुक्कामाची परवानगी फक्त पाच दिवस!

"तुमचं तिकीटच पाच दिवसांनंतरचं आहे," अधिकारी शांतपणे म्हणाला. "त्यापुढे राहून काय करणार?"

घरी पोचल्यावर जावयाने सगळे ऐकले आणि हसू दाबत सांगितले, "एवढंच ना? मुदत वाढवून मिळते. एक अर्ज आणि एक फोटो. उद्याच जाऊन येऊ." चष्मेवाल्यांनी त्याचे दोन्ही हात धरून दाबले. बायकोने मात्र 'बरं झालं' म्हटले नाही. ती खिडकीपाशी उभी होती. खाली समुद्र होता, आणि त्यापलीकडे, अगदी स्पष्ट, दुसऱ्या बेटाचा निळसर डोंगर.

मुलीने ते पाहिले. "आई, तू जाऊन ये."

"वेडी का काय? तुझे दिवस भरत आलेत."

"अजून अडीच आठवडे आहेत. पाच दिवसांत येशील परत. शिवाय तू इथे असलीस की मला दर तासाला खायला घालतेस."

"मी तर जाणारच," थोरली बहीण म्हणाली. "फोनवर या असल्या गावांचे नंबर जोडून दिले जन्मभर. एकदा बघू तरी कोण उचलत होतं ते. छोट्या, तू राहा इथे. तुझाच तेवढा अर्ज दे."

सहाव्या दिवशी सकाळी दोघी बायका उन्हाच्या टोप्या घालून वीस मिनिटांच्या विमानात बसल्या. आठव्या दिवशी दुपारी, डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या तब्बल दहा दिवस आधी, मुलीला कळा सुरू झाल्या. जावई बंदरावर क्रेनच्या टोकाला होता आणि त्याचा फोन खाली डब्यात. घरात फक्त चष्मेवाले होते. रक्ताचा थेंब पाहिला की ज्यांना भोवळ येई, मुलगी जन्मली तेव्हा जे इस्पितळाबाहेरच्या बाकावर स्वतःच झोपवले गेले होते, ते.

"बाबा, घाबरू नका," मुलगी भिंत धरून म्हणाली. "मी सांगते तसं करा."

त्यांनी तसे केले. टॅक्सी बोलावली, बॅग उचलली, मुलीला दंडाला धरून चार मजले उतरवले, आणि इस्पितळात कोणीतरी अंगात हिरवा डगला चढवला तेव्हा नाही म्हणायचे भानच त्यांना राहिले नाही. मुलीने जो हात पकडला तो दोन तास सोडला नाही. भोवळ यायलाही वेळ मिळाला नाही. चार वाजून दहा मिनिटांनी नर्सने एक लालबुंद, संतापलेली नात त्यांच्या हातात ठेवली.

संध्याकाळी त्यांनी बायकोला फोन लावला. पडद्यावर आधी पांढरी वाळू दिसली, मग लाटा, मग गुडघाभर पाण्यात उभ्या दोघी. थोरल्या बहिणीच्या हातात नारळ होता.

"कशी आहे गं पोर आमची?" बायकोने विचारले.

चष्मेवाल्यांनी फोन खाली वळवला.

बायकोच्या हातून फोन पाण्यातच पडला असता. "अगं बाई! झालं? केव्हा झालं? आम्ही इथे आणि... कोण होतं तिथे?"

"मी."

"तुम्ही? आत?"

"आत."

नारळ मात्र पाण्यात पडला. "छोट्या," पलीकडून आवाज आला, पण पहिल्यांदाच तो एका रांगेपलीकडेही पोचण्यासारखा नव्हता, "मानेखाली हात धर रे तिच्या."

"धरलाय, ताई."

दोघी तीन दिवसांनी परतल्या तेव्हा जावयाने रीतसर परतीची तिकिटे पाठवून ठेवलेली होती, त्यामुळे कोणी अडवले नाही. घरात शिरताच बायकोने पदर खोचला आणि बाळाकडे हात केले. बाळाने भोकाड पसरले. थोरल्या बहिणीने घेतले. भोकाड वाढले. चष्मेवाल्यांनी पंचा खांद्यावर टाकून तिला उचलले, पाठीवर दोनदा थोपटले, आणि घर शांत झाले.

मुलगी आतून नवऱ्याला म्हणाली, "अहो ऐकलं का, बाबांची मुदत अजून तीन महिने वाढवून आणा." मग तिने खोलीबाहेर डोकावून पाहिले. "आई, आत्या, तुमची आणखी कुठली बेटं राहिली असतील तर निवांत बघून या हं."