थांबतीय काय?

आमच्या गल्लीत कुणी नवी गाडी घेतली की पहिला पेढा देवाला आणि दुसरा पारिसअण्णा मगदुमांना. हा मान नाही, धाक आहे. बाकीचे लोक गाडीची किंमत विचारतात, ॲव्हरेज विचारतात, रंगावरून हात फिरवून 'एक नंबर' म्हणतात. अण्णा पेढा गालात धरतात आणि विचारतात, "थांबतीय काय?"

नुसतं विचारतील तर ते अण्णा कसले. मालकाच्या शेजारी बसतात, "पळीव" म्हणतात आणि गल्लीच्या टोकाला शांतपणे सांगतात, "दाब आता." माझ्या गाडीच्या वेळी मागच्या सीटवर सासूबाई पूजेचं ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी ब्रेक दाबला आणि हळद, कुंकू, अक्षता, नारळ असं सगळं पुढं आलं, पाठोपाठ सासूबाई आल्या. पुढचं वर्षभर त्या आमच्याकडे एसटीनं यायच्या. अण्णांनी उतरून मागच्या चाकात डोकावलं आणि निकाल दिला, "ड्रम हाय. डबा हाय नुसता."

हे ड्रमचं प्रकरण समजल्याशिवाय अण्णा समजायचे नाहीत. ड्रम ब्रेक म्हणजे चाकाच्या आत बसवलेला झाकणाचा डबा. अण्णांच्या शब्दांत, "आत पाणी-चिखल गेला की मुक्कामालाच बसला. आन् डिस्क म्हंजे उघडी थाळी. चिखल आला, थाळी फिरली, चिखल गेला." ही थाळी आपल्या जीपच्या मागच्या चाकांना बसवायची, असं अण्णांनी मनावर घेतलं होतं. मग जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांना तोच इलाज दिसू लागला. एका सत्कारात प्रमुख पाहुण्यांचं भाषण आवरेना, तेव्हा मागच्या रांगेतून अण्णांचा आवाज आला, "ह्यास्नी मागं डिस्क बसवाय पायजे." माझ्या मेहुणीला बघायला आलेल्या मुलाबद्दल मत विचारलं, तर म्हणाले, "पळवतोय झ्याक. थांबाय येतंय का बघा." ते स्थळ मोडलं. मेहुणी अजून अण्णांचं नाव काढू देत नाही.

जीप लिलावातली, फोर बाय फोर. पन्हाळ्याच्या पायथ्याला अण्णांचा मळा आहे, तिथं जायला दुसरं काही चालतच नाही. वाट ओढ्यातून जाते आणि लगेच उभा चढ लागतो. मळ्यात उतरायचं ते चढाच्या मध्यावरच, आणि तिथं जीप उभी करायची म्हणजे हँडब्रेकचा भरवसा नाही, गिअरमध्ये ठेवावी तर गिअर आपोआप सुटतो. म्हणून चंपाकाकी.

काकी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, चांदीसाठी नावाजलेल्या हुपरीच्या. पायांत माहेरचे जाड पैंजण. त्यांच्या सीटखाली एक काळा दगड असायचा आणि त्याला त्यांनी जुन्या लुगड्याची खोळ शिवली होती. जीप थांबली की अण्णा ब्रेकवर पाय दाबून समोर बघत बसायचे. काकी दगड घेऊन उतरायच्या, पैंजण वाजत मागच्या चाकापर्यंत जायचे आणि मागून आवाज यायचा, "लावला. सोडा." त्या 'सोडा'शिवाय अण्णांचा पाय हललेला मी कधी बघितला नाही. माझी आई म्हणायची, नवराबायकोत दिवसभरात तेवढंच बोलणं होत असावं.

एका पावसाळ्यात ओढा ओलांडून चढताना इंजिन बंद पडलं आणि भिजलेले मागचे ब्रेक लागलेच नाहीत. जीप दोघांना घेऊन उलटी घसरत ओढ्यात आली. खरचटलंसुद्धा नाही कुणाला. फक्त पुढच्या खेपेपासून काकी दगड सीटखाली न ठेवता मांडीवर घेऊन बसू लागल्या.

"भ्याली रं ती," अण्णा मला म्हणाले. "माझ्या शेजारी बसून भ्याली."

तिथून ते डिस्कच्या मागं लागले. उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं डिस्कला पकडणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, निवडताना त्यांना बजावलं होतं, "अण्णा, हँडब्रेकची केबल जोडता येईल असला घ्या. ड्रम काढला की त्याच्यातला हँडब्रेक बी जातोय."

"हँडब्रेक काय करायचाय?" अण्णांनी अंगठ्यानं मागं दाखवलं. "ही हाय की."

काकी जीपमध्ये बसून शेंगा सोलत होत्या. त्या लाजल्या. मी तिथंच होतो, मीही हसलो.

कॅलिपर धरायची पट्टी एकदा चुकली, परत केली, परत चुकली. तेवढ्यात काकी आजारी पडल्या. दवाखान्यात अण्णा बाकावर बसायचे नाहीत. काकींची खाट चाकांची होती, तिच्या एका चाकाला पाय लावून उभे राहायचे. नर्स म्हणाली, "आजोबा, लॉक आहे त्याला." अण्णा म्हणाले, "असू द्या." पाय काही काढला नाही.

काकी गेल्या. न्यायला गाडी आली, तेव्हा अण्णा ड्रायव्हरपाशी गेले आणि सवयीनं विचारलं, "थांबतीय काय?" आम्ही सगळे खाली बघत राहिलो.

पट्टी त्यानंतर बरोबर जमली. गल्लीत चाचणी झाली तर जीप जागच्या जागी थांबली. आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णांनी डावीकडच्या सीटकडे बघितलं आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "सुनील, मोकळा हाईस? मळ्याच्या चढावर हाय. गाडी थांबलीय."

"बंद पडली?"

"न्हाय. चांगली थांबलीय. मला उतरता येत न्हाय."

मी मोटारसायकल काढली. चढाच्या मध्यावर जीप उभी होती. आत अण्णा, ब्रेकवर पाय, घामानं सदरा अंगाला चिकटलेला. पाय काढला की जीप थेट ओढ्यात. वाटेत मला वैरणीचा भारा घेतलेली एक बाई भेटली होती. ती म्हणाली, दगड लावू का म्हणून इचारलं, तर म्हातारा नगं म्हणतोय.

मला रागच आला. "लावू द्यायचा की तिला, अण्णा."

दगड डाव्या सीटवर ठेवला होता. मी तो उचलून मागच्या चाकाशी वाकलो.

"खोळ काढ," अण्णा समोर बघतच म्हणाले. "ती काढायची."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी मागं बघितलंय?"

"पैंजण थांबायचं तितं जरा."

मी खोळ काढली. दगड चाकाखाली सारला, टाचेनं ठोकून घट्ट केला. "लावला, अण्णा."

पाय हलेना. मांडी लटलट कापत होती.

"लावलाय. उतरा आता."

ते तसेच बसून राहिले. मग माझ्या ध्यानात आलं. मागूनच, त्यांना माझं तोंड दिसणार नाही असा उभा राहून, मी म्हणालो, "सोडा."

अण्णांनी पाय उचलला. जीप बोटभर मागं आली आणि दगडाला टेकली. अण्णा स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागले. मी पुढं गेलो आणि खोळ त्यांच्या हातात दिली.