दगडाला कान हवा

मंजुळाआत्यानं एकदा एसटीचं बारसं केलं. संध्याकाळी पालघरहून आमच्या गावाला येणारी गाडी नाक्याच्या चढावर बाळंतिणीसारखी कण्हायची. आत्यानं डोक्यावरची टोपली खाली ठेवली, गाडीपुढे आडवी उभी राहिली, बॉनेटला तोंड लावून ‘कुर्र्र्र’ केलं आणि नाव ठेवलं रखमा. ड्रायव्हरनं वैतागून हॉर्न वाजवला, तर म्हणते, “बगा, हुंकार दिला!” महिन्याभरात कंडक्टर पालघर स्टँडवर “रखमावाले चला, रखमावाले” असं ओरडू लागला. रखमा कोण, तिचं लग्न आहे की काय, याची चौकशी परगावची माणसं करीपर्यंत गाडी सुटलेली असायची.

बिननावाची वस्तू दिसली की आत्याच्या अंगावर पित्त उठे. तिच्या छत्रीचं नाव भाऊसाहेब, कारण दिसायला रुबाबदार आणि ऐन वेळी उलटणारी. मांजराचं नाव वकील. आत्या मासळी कापायला बसली की ते समोर बसून शेवटचा तुकडा संपेपर्यंत आपली बाजू मांडत असे. कुणी विचारलं, आत्या, हे कशाला गं, तर उत्तर ठरलेलं: “नाव नाय तर हाक कशी मारनार?”

आणि हाक मारायची म्हणजे काय, ते आत्याकडून शिकावं. ‘मंजुळा’ हे नाव तिला कुणी ठेवलं, त्या माणसाचा शोध अजून चालू आहे. ती सातपाटीच्या बंदरावर ओरडली की वाणगावचा स्टेशनमास्तर हिरवा बावटा घेऊन धावत बाहेर येई, असं मी लहानपणी ऐकलं होतं. मोठेपणी मीच ते सांगू लागलो, तेव्हा ते खरंच असणार.

तिला दिली होती सातपाटीला. नवरा लवकर गेला आणि ती माहेरी परतली. माहेरी परतलेली बाई म्हणजे साऱ्या गावाची आत्या, आणि बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचाच. ती वाकून कानात ‘कुर्र्र्र’ करते, नाव सांगते आणि तेवढ्यात बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घालतात. गावातल्या निम्म्या पोरांची नावं तिच्या तोंडून गेलेली. माझंही. प्रभाकर हे नाव तिनं माझ्या डाव्या कानात अशा काही आवाजात सांगितलं, की त्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं.

अशा बाईच्या गावात शिल्पवाट आली.

झालं असं, की मुंबईच्या एका धर्मादाय ट्रस्टला आमचं सुरूचं बन आवडलं. रस्त्यापासून समुद्रापर्यंत जाणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही अंगांना, झाडांमध्ये, शिल्पं मांडायची. लोकांनी चालत जावं, बघावं, फुकट. ट्रस्टच्या विमलाबेन स्वतः आल्या, बनात चपला काढून चालल्या आणि गोखरू टोचल्यावर परत घातल्या. काणे नावाचे दाढीवाले शिल्पकार आले, तंबू ठोकून राहिले. बोईसरच्या कारखान्यांतलं भंगार आलं, मोडलेल्या होड्यांचं लाकूड आलं, काळे दगड आले. स्थानिक चिटणीस म्हणून मला नेमलं. मी बोईसरला नोकरीला होतो आणि मला विमलाबेनचं मराठी समजत होतं, एवढीच माझी लायकी.

पहिले चार महिने शिल्पवाट बघायला फक्त शेळ्या आल्या. गावाचं म्हणणं, की काणेंच्या मूर्ती अजून अर्ध्याच झाल्यात, पुऱ्या झाल्या की बघू. शेजारच्या एकानं तर एका लोखंडी शिल्पावर जाळं वाळत घातलं. काणे दोन दिवस त्या जाळ्याकडे बघत बसले आणि म्हणाले, “असू दे, बरं दिसतंय.”

मग एका दुपारी आत्या मासळी विकून त्या वाटेनं परत येत होती. मी पाट्या ठोकत होतो.

“काय लिवलंय त्याच्यावर?”

“शीर्षक नाही.”

“म्हंजे?”

“म्हणजे नाव नाही, आत्या.”

“आन् त्या पल्याडच्याचं?”

“त्याचंही नाही. कुणाचंच नाही. काणेसाहेबांचं तसंच आहे.”

आत्यानं टोपली खाली आपटली. आतल्या उरलेल्या बोंबलांनीसुद्धा दचकून माना वर केल्या. “आयबाप जित्ते असून सगली बिननावाची? आन् तू चिटनीस!”

पुढच्या रविवारी बनात बारसं झालं. मोठ्या पातेल्यातून घुगऱ्या आल्या. कोळीवाड्यातल्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. आत्या पहिल्या शिल्पापाशी वाकली आणि अडली. ते शिल्प म्हणजे गंजकं दातेरी चक्र आणि त्यातून वर गेलेला वाकडा पाइप.

“परभ्या, कान कुठाय?”

“त्याला कान नाही, आत्या.”

“कान नाय तर नाव कुठं घालू? नाकात?”

शेवटी तिनं पाइपाचं तोंड हाच कान ठरवला आणि त्यात असं काही ‘कुर्र्र्र’ केलं, की पाइपातून दोन पाली आणि एक पाखरू बाहेर पडलं. त्याचं नाव बबन. होडीच्या फळ्यांचं उंच शिल्प झालं होडी हाकणारा तांडेल. एकमेकांकडे पाठ करून उभे असलेले दोन दगड झाले सुशीला आणि सुशीलाची जाऊ. दर नावाला आत्याच्या पाठीत गुद्दे पडत होते आणि ती ओरडत होती, “हलू मारा गं, अजून लय पोरं र्‍हायलीत!”

त्यानंतर पाट्यांवर नावं चढली आणि गर्दी सुरू झाली. ‘शीर्षक नाही’ बघायला कोण येणार? पण बबनला बघायला पालघरहून शाळा आल्या. बोईसरच्या कारखान्यातले कामगार सुट्टीच्या दिवशी येऊन विचारायचे, “अरे भाई, ये सुशीला किधर खड़ी है?” जावा-जावांच्या जोड्या त्या दोन दगडांपुढे फोटो काढून घ्यायच्या आणि घरी जाईपर्यंत बोलायच्या नाहीत. विमलाबेन खूश. “प्रभाकरभाई, हे तर जत्रा झाली!”

एकटे काणे खूश नव्हते. शिल्पांच्या मधोमध उभं राहून ते आत्याला म्हणाले, “आजी, नाव दिलं की लोक नाव बघतात. दगड बघत नाहीत.”

“आजी कोन? आत्या म्हन. आन् नाव नाय दिलं तर हाक कशी मारनार?”

“दगडाला हाक मारायचीच कशाला?”

“आडनाव काणे, आन् एका बी पोराला कान नाय!”

बायका हसल्या. काण्यांची दाढी लाल झाली, म्हणजे निदान मला तशी दिसली. त्या वेळी ते शेवटचं शिल्प करत होते. वाट जिथं संपते आणि समोर समुद्र येतो, तिथल्या अखेरच्या सुरूखाली एक छोटा काळा दगड. दुपट्यात गुंडाळून निजवल्यासारखा, गुळगुळीत, ना तोंड ना हात. काण्यांनी विमलाबेनना निक्षून सांगितलं: ह्या दगडाला कुणी नाव ठेवलं, तर मी माझी सगळी शिल्पं टेम्पोत घालून परत नेईन.

विमलाबेननी मला बाजूला घेतलं. “आत्याला समजावा. काणेभाई मूर्ती घेऊन गेले, तर इथे झाडं राहतील. झाडं तर आधी पण होती.”

मी आत्याकडे गेलो तेव्हा तिनं वकिलाला मासळीचं डोकं टाकलं आणि मान वर न करता विचारलं, “त्या बारक्याला पन पाटी लावनार? तीच?”

“तीच. आणि तू तिकडे फिरकायचं नाहीस.”

ती उठली आणि तडक तिकडेच फिरकली. मी मागे धावलो. काणे दगडाला पॉलिश करत बसले होते. आता हिचा आवाज निघणार, वाणगावची गाडी थांबणार, म्हणून मी डाव्या कानाऐवजी उजव्या कानावर हात ठेवला. पण आत्या वाळूत बसली. हळू बोलली. मी तिला हळू बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

“काने, सगल्यांची नावं काढ. बबनचं काढ, सुशीलाचं काढ. मी लोकांना सांगते, इसरा म्हनून. येवड्या एकाला ठेवू दे.”

“ह्यालाच का?” काणे म्हणाले.

“माजं नवव्या दिशी गेलं. बारसं बाराव्याला व्हतं. पालना आनलेला, घुगर्‍यांचे चने भिजवायचे बाकी. नाव मी ठरवलेलं, नवर्‍याला पन सांगितलेलं नाय, ननंदंच्या कानात सांगनार, ती त्याच्या कानात सांगनार. तसंच गेलं. घरात समदी ‘ते’ म्हनत. ‘ते’ गेलं. हाक कशी मारनार?”

समुद्राला ओहोटी होती. काण्यांच्या हातातलं फडकं दगडावरच राहिलं होतं.

“येवड्या पोरांना नावं दिली मी,” आत्या म्हणाली, “ते नाव कुनाला नाय दिलं.” मग पदर झटकून उठली आणि मला म्हणाली, “चल रं, वकील उपाशी हाय.” वकील नुकताच जेवला होता, तरी मी तिच्यामागे निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनात छिन्नीचा आवाज येत होता. विमलाबेन घाबरून म्हणाल्या, “अरे, ते तर पूरं झालं होतं ना?” आम्ही गेलो. काणे दगडाच्या बाजूला पालथे पडून काम करत होते. पाटी त्यांनी स्वतः ठोकली होती: शीर्षक नाही. पण त्या गुळगुळीत काळ्या दगडाला, एका कडेला, एक कान आला होता. शिंपल्याएवढा, आतून खोल, पाळी जरा दुमडलेली. तान्ह्या पोराची झोपेत दुमडते तशी.

“हे काय, काणेभाई?” विमलाबेननी विचारलं.

“रचनेची गरज होती,” काणे म्हणाले आणि दाढीतली धूळ झटकू लागले.

मी आत्याला बोलावून आणलं. तिनं कान बघितला. बोटानं आतून पुसला, तिथं दगडाची पूड राहिली होती. मग गुडघे टेकून वाकली. मी हातभर अंतरावर उभा होतो, उजवा कान, चांगला कान, तिच्याकडे करून. मला फक्त ‘कुर्र्र्र’ ऐकू आलं, तेही मांजर घुरघुरल्यासारखं. पुढचं नाव काही आलं नाही. सुरूच्या झाडांनाही आलं नसेल.

आत्या तशीच वाकून राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, “पाठीत कोन मारनार?”

तिथं बायका नव्हत्या. विमलाबेन गुजराती, त्यांना काही कळेना. काणे पुढे झाले आणि काच पुसावी तसा तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“जोरात मार की मेल्या! पोराचं बारसं हाय!”

“हो, आत्या,” म्हणून काण्यांनी गुद्दा घातला. चांगला दणका होता. आत्या हसली, डोळे पुसले आणि म्हणाली, “घुगर्‍या संध्याकाली.”

शिल्पवाट राहिली. बबन राहिला, सुशीला आणि तिची जाऊ अजून बोलत नाहीत. शेवटच्या सुरूखालची पाटी वाचून पाहुणे वळतात, तर पाठीमागे टोपली घेऊन आत्या उभी असते. इथं प्रत्येकाला नाव आहे, मग ह्याला का नाही, असं ते हमखास विचारतात.

“हाय की,” ती म्हणते. “त्याचं त्याला ठाव हाय.”