विशेष बाब : श्री. धोटे

प्रथम वार आणि जबाबदार व्यक्ती नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विसराळूपणाची सबब सांगू नये.

पौषातला पहिला सोमवार : आमच्या हिंदी मुलखातल्या खुर्सीपार वस्तीतील एक औषधविक्रेता. 'सिरप और गोली एक ही बात है' असे विधान त्याने तीन ग्राहकांसमक्ष केले. त्याच आठवड्यातला गुरुवार : आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सचिव श्री. बिसेन. त्यांनी माझे पत्र न वाचता त्यावर चहाचा कप ठेवला. त्याच्या पुढच्या आठवड्यातला रविवार : मंडळाच्या सभेस उपस्थित असलेले सर्व सभासद.

आता प्रकरण.

माझे शेजारी श्री. धोटे औषधाच्या दुकानात व्हर्नियर कॅलिपर घेऊन जातात. भंडाऱ्याकडचा हा मनुष्य पोलाद कारखान्याच्या प्लेट मिलमध्ये चौतीस वर्षे तपासणीस होता. प्लेटची, म्हणजे जाड पोलादी पत्र्याची, जाडी मोजायची आणि खडूने 'पास' किंवा 'रिजेक्ट' लिहायचे, हे त्याचे काम. निवृत्तीनंतर प्लेटा गेल्या, खडू शर्टाच्या खिशात राहिला. भाजीवाल्याकडचे दोडके, दूधवाल्याचे माप, माझ्या फाटकाची कडी, सर्वांची तपासणी झालेली आहे. माझ्या फाटकावर आजही 'रिजेक्ट' आहे.

"मोजल्याबिगर माल पुढं जात नाई," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

गोळ्यांशी त्यांचे वैर गेल्या वर्षी सुरू झाले. काउंटरवर कॅल्शियमची पट्टी आली, की धोटे तीतून एक गोळी काढून घेत, व्हर्नियरच्या जबड्यात धरत आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचत.

"एकोणीस मिलिमीटर. अन् रुंदी नऊ. कावून बे, ही गोळी हाये का रेल्वेचा स्लीपर?"

"काका, सब लोग यही खाते हैं," दुकानदार म्हणे.

"सब लोगांचे गळे तू मोजले का?"

त्यांच्या घरी एक वही आहे. गोळीचे नाव, लांबी, रुंदी, कोमट पाण्यात विरघळण्यास लागणारा वेळ आणि शेरा, असे तिचे रकाने. स्टीलच्या पेल्यात गोळी टाकून हा गृहस्थ मनगटी घड्याळ समोर धरून बसतो. लोहाच्या एका गोळीपुढे 'पाण्याचा रंग गेरूसारखा, रिजेक्ट' अशी नोंद मी स्वतः वाचली आहे.

एकदा त्यांनी तपासणीसाची हद्द ओलांडून फिटरचे काम केले. बारीक कानस घेऊन महिन्याभराच्या गोळ्यांच्या कडा मारल्या आणि त्या डबीत भरून जुनवानीच्या डॉक्टरांना अभिमानाने दाखवल्या. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. यातल्या एका गोळीचे आवरण पोटात टिकावे म्हणून असते, ती आतड्यात गेल्यावरच विरघळली पाहिजे; कोणती गोळी फोडायची, कोणती कुटायची आणि कोणत्या गोळीला हात लावायचा नाही, हे विचारल्याशिवाय ठरवू नका, असे त्यांनी पाच मिनिटे समजावले. मी सोबत होतो. परतताना कुम्हारीकडून येणारी बस वळेपर्यंत थांबलो, तेव्हा धोटे म्हणाले, "वकीलसाहेब, आवरण म्हंजे मले पॅकिंग वाटलं होतं."

मी वकील नाही. कारखान्याच्या कायदा विभागात टंकलेखक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. धोट्यांना हा फरक मान्य नाही.

आमचे मंडळ दर महिन्याला सभासद दांपत्यांना कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटते. धोट्यांनी माझ्यामार्फत अर्ज केला, की गोळी गिळता येत नसल्याने दोघांचाही वाटा सिरपमध्ये मिळावा. 'दोघांचाही' या शब्दावर मी हरकत घेतली. धोटेवहिनींनी गिळण्याची तक्रार कधी केल्याचे ऐकिवात नव्हते. पंचवीस वर्षे शाळेत शिकवलेल्या, ताठ मानेच्या, मोजके बोलणाऱ्या बाई. अलीकडे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात त्यांचा उपवास निघे आणि त्यांच्या वाट्याचा खाऊ धोटे कागदात बांधून घरी नेत, एवढेच वेगळे.

"एका घरात दोन तऱ्हा कायले पायजे? लिहा तुम्ही," धोटे म्हणाले. मी लिहिले.

पहिल्या पत्रावर चहाचा गोल डाग पडला. दुसऱ्यास उत्तर नाही. तिसऱ्यात मी मंडळाच्या घटनेतील सभासदांच्या समान लाभाचे कलम उद्धृत केले. ज्याला लाभ गिळताच येत नाही त्याला तो मिळाला असे कागदोपत्री दाखवणे ही दिशाभूल होय, असेही बजावले. तेव्हा कुठे बिसेनांनी विषय रविवारच्या सभेत घेतला.

बिसेन विनोदी स्वभावाचे समजले जातात. त्यांनी बशीत एक कॅल्शियमची गोळी आणि पाण्याचा पेला मागवला.

"काका, सब के सामने गिळून दाखवा. नाई गेली तर सिरप मंजूर, झगडा खतम."

मी उठून सांगितले, की पुरावा देण्याचा भार अर्जदारावर असला, तरी तो त्याच्या घशावर टाकता येत नाही. कोणी ऐकले नाही. धोट्यांनी सवयीने खिशातून व्हर्नियर काढला, गोळी मोजली, "एकोणीस" म्हणाले आणि तोंडात टाकली. पुढचे अर्धे मिनिट त्यांनी जे केले ते मी वर्णन करू इच्छित नाही. मान वर, डोळे बाहेर, गालांत पाणी, मग जोराचा ठसका. गोळी उडून थेट इतिवृत्ताच्या वहीवर पडली.

सभागृह हसण्याने हलले. मागून कोणी म्हणाले, "धोटेकाका, चौतीस साल प्लेटा गिळल्या का मिलमंदी?" धोटेही ओठ पुसत हसले. सिरप मंजूर झाले आणि बिसेनांनी मंडळाच्या चौकातल्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले : 'विशेष बाब : श्री. धोटे, गोळी गिळता येत नाही.'

सोमवारी सकाळी मंजुरीची प्रत घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. धोटे ओट्यापाशी चहा घेत होते. रात्री डोके दुखत होते, असे सांगता सांगता त्यांनी एक लांबोडकी गोळी जिभेवर टाकली, चहाचा घोट घेतला आणि मला बसायला खुर्ची सरकवली. गोळी गेली होती. मोजलीसुद्धा नव्हती.

काय पाहिले हे ध्यानात यायला मला एक क्षण लागला. मग माझा आवाज चढला. आपण सभेची फसवणूक केली आहे, माझ्या सहीने खोटे निवेदन करवले आहे, आणि मी आजच चौथे पत्र...

"हळू बोला, साहेब. तिले ऐकू जाईन."

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिले आणि खुर्ची माझ्या जवळ ओढली.

"मागल्या साली भंडाऱ्याले गेलो होतो ना, तवा लकव्याचा झटका आला होता तिले. हातपाय वाचले, वाचा वाचली. गळा गेला. पाणी पेली तरी ठसका लागते. गोळी तर सोडाच. सिरप घट्ट दह्यात कालवून चमच्या-चमच्यानं देऊन राहिलो. डॉक्टरनंच सांगितलं तसं."

"मग हे सरळ लिहायचे होते."

"कसं लिहू? पोराईले डबा कसा खायचा, ते शिकवलं तिनं. तोंड मिटून, न सांडता. आता घास बाहेर येते तिचा. चार लोकांत जेवायचं म्हनून उपवास सांगते." त्यांनी व्हर्नियर उघडला, मिटला. "मले हसले त हसू द्या. मिलमंदी कितीक हसले मले. माझं काय हाये, मी मोजमाप करनारा येडा मानूस."

ही बाब मी कोणास सांगितली नाही. सांगणारही नव्हतो. परंतु फळा चौकात आहे आणि वहिनी संध्याकाळी तिथूनच फिरायला जातात. चौथ्या दिवशी त्यांनी मला फाटकातून हाक मारली.

"भाऊजी, त्या फळ्यावर यांचं नाव कोणी लिहिलं?"

मी म्हणालो, मंडळाने, सर्वानुमते.

"सभेत काय झालं?"

अशा प्रश्नाला सत्य टाळून उत्तर देण्याची मला सवय नाही. मी सांगितले. त्यांनी माझ्या फाटकावरच्या खडूच्या अक्षरांवरून बोट फिरवले.

"मला म्हणाले, अर्ज केला अन् मंजूर झाला." मग पदर सारखा करून म्हणाल्या, "एक पत्र लिहा, भाऊजी. माझ्या नावानं. गिळता मला येत नाही, यांना येते. संक्रांतीला मी मंडळात येईन अन् सगळ्यांसोबत जेवीन. मला वेळ लागते. कोणी पंगत उठवू नका, अन् माझ्याकडे पाहत बसू नका. एवढंच लिहा."

"धोट्यांना विचारू?"

"त्यांनी मला विचारलं होतं का?"

त्यांचे पत्र मंडळाला दिले आहे; हे लिखाणही त्यांना वाचून दाखवून, त्यांच्या अनुमतीने आणि आग्रहाने प्रसिद्ध करत आहे. मागण्या दोन. फळ्यावरचे नाव सचिवांनी स्वहस्ते पुसावे. आणि संक्रांतीच्या पंगतीपूर्वी, रविवारच्या सभेत हसलेल्या प्रत्येक सभासदाने सर्वांसमक्ष उभे राहून सांगावे, की आपण नेमके कशाला हसलो. लेखी उत्तर चालणार नाही.

उपस्थितांच्या यादीत माझेही नाव आहे. गोळी वहीवर पडली तेव्हा मीही हसलो होतो. म्हणून प्रथम मी उभा राहीन. माझ्यानंतर श्री. बिसेन यांनी उत्तर द्यावे.