दर्यायुद्धाचे चित्र बुडाले त्याची बखर

श्रीजलदेवता प्रसन्न. दरबारच्या भिंतीवर नुसते पाणी का टांगले, ऐसे येणारे जाणारे पुसतात, त्यांस ठाऊक व्हावे म्हणोन हकिकत लिहिली ऐशीजे. शके सोळाशे साठ, कालयुक्त नाम संवत्सरी, घाटमाथ्यावरील एका राज्याच्या महाराजांनी आजन्म समुद्र पाहिला नव्हता, आणि त्यांचे दर्यासारंग म्हाळोजीराव यांस गलबत लागत असे. रावसाहेब मोहिमेस निघाले आणि खाडीच्या मुखीच पोटात ढवळले, मग तेथेच नांगर टाकून महिना काढिला, आणि फत्ते जाहली ऐसा सांगावा धाडिला. महाराज बहुत खुशी जाहले आणि आज्ञा केली की, या युद्धाचे चित्र दरबारी लावावे. मग गोमाजी चितारी कुंचले घेऊन म्हाळोजीरावांकडे गेले आणि पुसो लागले, "राव, शत्रूची जहाजे किती?" "काढा दोन." "एवढ्या भिंतीस दोन? बोडके दिसेल हो." "मग पाच काढा, तुमच्या बापाचे काय जाते." ऐशी पाच निघाली, शिडे फुगली, समोर आपल्या गुराबा म्हणजे लढाऊ जहाजे निघाली, तोफांचा धूर आभाळी गेला, आणि पाचांवर आपले निशाण चढले.

परंतु त्या दरबारी रिवाज ऐसा की, चित्रात जे जे जिंकले दिसेल त्याचा एकेक जिन्नस चित्राखाली मांडावा, न मांडिल्यास सरदाराची पगडी उतरावी. महाराज चित्रापुढे बसले आणि बोट ठेवून पुसते जाहले, "या थोरल्या जहाजाची घंटा कोठे?" म्हाळोजीरावांस मोहिमेत आला नव्हता तो घाम आला. बोलिले, "ते बुडाले, महाराज." "बुडाले तर वर काय करते? गोमाजी, बुडवा." गोमाजींनी निळा रंग फिरविला. "आणि हे दुसरे?" "तेही त्याच्या मागोमाग." ऐशी पाचही गेली. मग महाराज बोलिले, "आता आपल्या गुराबा तोफा कोणावर डागतात? माशांवर?" "त्या माघारी फिरल्या, महाराज." मग त्याही पुसल्या, आणि धूर उगाच कशास म्हणोन तोही पुसला.

भिंतीवर पाणी तेवढे राहिले. महाराज चित्राजवळ सरकले आणि हळूच बोलिले, "म्हाळोजीराव, समुद्र ऐसाच असतो?" "ऐसाच, महाराज." मोहिमेपासून हेच पहिले खरे बोलणे. "तर आता चित्र खरे जाहले. याचा जिन्नस आणा." मग म्हाळोजीराव पगडी सावरीत घाट उतरले आणि घागर भरून आणिली. महाराजांनी बोट बुडवून चाखिले आणि म्हणाले, "मीठ कमी. हे खाडीचे. समुद्रात आणखी आत जा."

सारांश, चित्राखाली मांडिलेली घागर घाटमाथ्याच्या उन्हाने आटते, आटली की पगडी जाते, म्हणोन जे सारंग लढाईस खाडीबाहेर पडले नाहीत ते घागरीसाठी भरदर्यात जातात, पोट धरून का होईना, परंतु जातात. इतके जाणोन मग चित्रास हसावे.